उलट्या प्रश्नचिन्हाची पाटी

नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्याला इंद्रवेल्लीकडचा रस्ता जिथे येऊन मिळतो, त्या फाट्यावर एक प्रवासी निवारा आहे. निवाऱ्यात एक टेबल, टेबलामागे सुवर्णाक्का, आणि सुवर्णाक्काच्या डोक्यावर भिंतीला ठोकलेली निळी पत्र्याची पाटी. पाटीवर पांढऱ्या रंगात काही वाक्यं आहेत, स्पॅनिश भाषेतली, आणि प्रत्येकाखाली तेच मराठीत आणि तेलुगूत. आदिलाबाद जिल्ह्यात स्पॅनिश पाटी कशाला, असं नवा माणूस विचारतोच. सुवर्णाक्का त्याच्याकडे चष्म्यावरून बघते आणि विचारते, "काऊन? स्पेनच्या मानसाच्या फोनची बॅटरी उतरत नाही का?"

सुवर्णाक्काचा धंदा दरखास्ती, म्हणजे अर्ज, लिहिण्याचा. आता सगळं फोनवर होतं म्हणतात, पण फोनवर काय लिहायचं हे ठाऊक नसलेली माणसं अजून पुष्कळ आहेत, आणि ती सगळी तिच्या टेबलाशी येतात. तेलुगूत लिहून दे, मराठीत सांगून दे, हिंदीत भांडून दे, तिन्ही कामं ती करते. वय अठ्ठेचाळीस. आवाज असा की पलीकडच्या बाजूला थांबलेला ट्रकवाला दचकावा.

या धंद्यात ती आली त्याला कारण तिचा बाप. नागोराव नार्नूरकडचा, दुसऱ्यांच्या शेतात राबणारा. त्याने वस्तीत नळ यावा म्हणून एकाकडून कागद लिहवून घेतला आणि खाली अंगठा उठवला. सहा महिन्यांनी कळलं, कागदावर लिहिलं होतं की आमच्या वस्तीला नळाची गरज नाही. लिहिणारा चुकला की मुद्दाम चुकला, ते देव जाणे. नागोरावाने पोरीला सांगितलं, "दुसऱ्याच्या लिवण्यावर आपला अंगठा उठवू नोको, बाई." पोरीने ते मनावर घेतलं.

लिहायची रीत तिला एका म्हाताऱ्या अर्जनवीसाने शिकवली. तो निजामाच्या काळातली उर्दू बोलायचा आणि दिवसाला नऊ चहा प्यायचा. म्हणायचा, "बेटी, दरखास्तीत तीनच गोष्टी. अडलं काय, पाहिजे काय, आणि शेवटी मेहरबानी. बाकी सगळा पाला." ही तीन गोष्टींची रीत पुढे स्पेनच्या लोकांच्या उपयोगी पडेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना, दुपारचे दोन. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सायकल हाणणारे वेडे लोक याच रस्त्याने जातात, आणि हिवाळ्यात त्यांचा हंगाम असतो. त्यातलीच एक साठीची बाई, नाव इनेस, सोबतच्या मंडळींपासून मागे पडली. फोन सायकलच्या दांड्यावर अडकवलेला आणि ठार मेलेला. रस्ता त्याच्यात, सोबत्यांचे नंबर त्याच्यात, आणि परक्याशी बोलायची सोयही त्याच्यातच. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आधी आईचीच भाषा निघते. बाईने फाट्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर सायकल लावली आणि दांड्याकडे बोट दाखवून विचारलं, "प्वेदो कार्गार एल मोबिल आकी?"

आता आपल्याकडे मोबिल म्हणजे काय? इंजिनात घालायचं तेल. पंपावरच्या माणसाला वाटलं, सायकलचा दांडा कुरकुरत असणार.

"मोबिल?" त्याने विचारलं.

"सी, सी!" बाई हरखून म्हणाली. सी म्हणजे त्यांच्यात हो.

"शिशी? एक शिशी?" तो म्हणाला, आणि तेलाची शिशी घेऊन आला. बाई डोक्याला हात लावून पायरीवर बसली. तो परत आत गेला आणि मोठी शिशी घेऊन आला.

हे सगळं संघपाल ऑटोवाला बघत होता. त्याला भाषा कळली नाही, पण बाईच्या डोळ्यांतलं पाणी कळलं. आपल्या फाट्यावर कोणाचंही काही अडलं की न्यायची जागा एकच. त्याने बाईला सायकलीसकट सुवर्णाक्काच्या टेबलापुढे आणून उभं केलं आणि म्हणाला, "आक्का, हिची दरखास्त घे."

सुवर्णाक्काने बाईकडे पाहिलं, दांड्यावरच्या काळ्या ठिक्कर फोनकडे पाहिलं, आणि टेबलाखालचं विजेच्या बटणाचं खोकं पुढे ओढलं. बाईने पिशवीतून वायर काढली, खोक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "एन्चूफे!" आणि पिन आत घातली. त्याच क्षणी पंखा थांबला.

फाट्यावरची लाईट पाहुणे बघून जात नाही, पण त्या दिवशी तशीच गेली. बाईने वर पाहिलं, विझलेल्या दिव्याकडे बोट केलं, मग पाखरू उडून जावं तसा हात हवेत फिरवला आणि खिन्नपणे म्हणाली, "से फ्वे ला लुस."

सुवर्णाक्काच्या हातातलं पेन थांबलं.

"काय म्हणे?" संघपालने विचारलं.

"लाईट गेली म्हणे," सुवर्णाक्का म्हणाली.

तिला ते कसं कळलं हे तिलाच कळलं नाही. तासाभराने लाईट आली, फोन जिवंत झाला, तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती ही, की बाईला ते वाक्य पुन्हा फोनात बोलायला लावलं. फोनने मराठीत लिहून दिलं: लाईट गेली. सुवर्णाक्काने एकदा वाचलं. दुसऱ्यांदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं. इनेस बिचारी बोलत राहिली. या बाईचे डोळे काऊन भरून आले, ते तिला समजेना.

ते समजायला बत्तीस वर्षं मागे जावं लागतं. दहावीचा वर्ग, मराठी माध्यमाची शाळा, इंग्रजीचा तास. शिकवायला उद्धवराव सर. सर हुशार होते, शिस्तीचे होते आणि मुलांना हसवायचे, पण ते हसू नेहमी मागच्या बाकावर जाऊन पडायचं. त्या दिवशी पंखा बंद पडला. सर म्हणाले, काय झालं ते इंग्रजीत सांगा. मागच्या बाकावरून नागोरावाची सुवर्णा उभी राहिली आणि आपल्याला येतं या आनंदात म्हणाली, "लाईट हॅज गॉन, सर!"

"गॉन?" सरांनी भुवया चढवल्या. "कुठे गेली? आदिलाबादच्या बाजाराला?"

वर्ग खो खो हसला. लाईटला काय पाय असतात, ती कुठे जाते, असं सर आणखी बरंच बोलले. बरोबर इंग्रजी त्यांनी फळ्यावर लिहून दिलं, ते कोणाच्याही लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की शाळा संपेपर्यंत पोरं तिला "ए लाईट, कुठी गेलती?" म्हणून हाका मारायची. इंग्रजीत ती पास झाली, पण इंग्रजी बोलायला पुन्हा तिने तोंड उघडलं नाही. त्या एका हशाने तिची एक अख्खी भाषा नेली. तिला त्याचा राग होता, आहे, आणि का असू नये?

आणि आता एक परदेशी बाई, पांढऱ्या केसांची, शहाणीसुरती, निवाऱ्यात बसून सांगत होती की तिच्या देशातही लाईट जातेच.

निघताना इनेसने पाकीट काढलं आणि विचारलं, "क्वांतो?"

सुवर्णाक्काला ऐकू आलं, "काऊन तो?", म्हणजे तो कशाला? ती उखडली. "काऊन तो म्हनजे? तो ऑटोवाला हाय! त्यानंच तुले आनलं इथी!"

"मी काय केलं वं?" संघपाल दोन पावलं मागे सरकला.

शेवटी फोनने निवाडा केला, की बाई किती द्यायचे ते विचारते आहे. सुवर्णाक्काने पाकीट मिटवून तिच्या हातात परत दिलं. त्याऐवजी वही पुढे केली आणि खुणेने सांगितलं, लिही. पुन्हा तुझ्या गावचं कोणी आलं आणि त्याचा फोन मेलेला असला, तर इथे त्याला मोबिल ऑइल मिळू नये.

इनेसने लिहिलं. सुवर्णाक्काने ते आपल्या गुरूच्या रीतीने लावलं. आधी काय अडलं: नो तेंगो बातेरीया, माझ्या फोनची बॅटरी संपली. मग काय पाहिजे: प्वेदो कार्गार एल मोबिल आकी, इथे फोन चार्ज करू का? आय उन एन्चूफे, इथे पिन लावायची जागा आहे का? मे प्रेस्ता उन कार्गादोर, तुमचा चार्जर देता का? आणि शेवटी मेहरबानी: मूचास ग्रासियास. एका ठिकाणी तिचं बोट अडलं. प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं ते ठीक, पण सुरुवातीलाही एक होतं, आणि तेही डोकं खाली पाय वर.

"हे उलटं काऊन?"

फोनमधून उत्तर आलं: पुढे प्रश्न येतो आहे हे वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून. सुवर्णाक्का बेहद्द खूश झाली. दरखास्तीच्या माथ्यावर 'विषय' लिहितात तो कशाला? साहेबाला आधीच कळावं म्हणूनच की! ही भाषा लिहिणारी माणसं कामाची आहेत, असं तिने ठरवून टाकलं.

पाटी तिने स्वतः रंगवली. पाच वाक्यं लिहिली. सहावं, लाईट गेलीचं, वहीतच ठेवलं. फाट्यावर लाईट जाईल तेव्हा ती मोठ्याने "से फ्वे ला लुस" म्हणायची, तिचं ऐकून संघपाल म्हणायला लागला, मग मिरची भजीवाली भागाबाई, मग बसची वाट बघणारे सगळेच. पण ते पाटीवर लिहायला तिचा हात धजला नाही. कोणी तरी उभं राहील आणि विचारील, कुठे गेली? जगाशी भांडणाऱ्या बाईच्या मनात एवढी एक जागा अजून दहावीच्या वर्गात बसलेली होती.

दोन हिवाळ्यांत पाटीपुढे सात जण आले. एक म्हातारा तर पाटी वाचून तिच्या पायाच पडायला निघाला. कुठला म्हणून विचारलं तर पेरू म्हणाला. सुवर्णाक्काने भागाबाईकडून पेरू आणवून त्याच्या हातावर ठेवला. त्याने खाल्ला.

यंदा निवाऱ्याची डागडुजी निघाली. निवारा गावच्या समितीचा, आणि समितीचे अध्यक्ष आमचे तेच उद्धवराव सर. आता पंच्याहत्तरीचे, पण ताठ. त्यांनी भिंती पांढऱ्या करायचं काढलं आणि पाटीपुढे येऊन चष्मा सरसावला. लाल पेन त्यांच्या खिशात अजून असतंच. दुसऱ्या दिवशी सुवर्णाक्का टेबलाशी आली तेव्हा पाटीवरची सगळी उलटी प्रश्नचिन्हं निळ्या रंगाने पुसलेली होती.

तिने ब्रश काढला आणि ती होती तशी पुन्हा काढली. सर संध्याकाळी फिरायला आले.

"सुवर्णा, प्रश्नचिन्ह उलटं काढतात होय? लोक हसतील आपल्या गावाला."

"त्यायच्यात उलटंच असते, सर."

"कोणी सांगितलं? तू तपासलंस? ज्याचं चूक-बरोबर आपल्याला तपासता येत नाही ते भिंतीवर लिहू नये. आणि गरज काय? आता फोन सगळ्या भाषा बोलतो."

"मेलेला फोन बोलते का, सर? ज्याचा फोन चालू हाय तो माया दारात येतेच कायले?"

बरोबर उत्तर मागच्या बाकावरून आलं की सरांना ते कधीच ऐकू जात नसे. म्हणाले, "रविवारी समितीची बैठक इथेच आहे. तोवर पाटी उतरव. नाहीतर पाटीबरोबर टेबलही उचलावं लागेल."

टेबल उचलायचं म्हणजे पंचवीस वर्षांची जागा उचलायची. भागाबाईने समजावलं, "आक्का, पाटी उतरवून टाक ना वं. पाच ओळींपायी जागा घालवतं का?" सुवर्णाक्का म्हणाली, "मायी ओळ एकदा पुसू देल्ली व्हती. बत्तीस वर्सं झाले, अजून पुसूनच हाय. आता एकबी नाही पुसू देनार." त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे ती कबूल करणार नाही, म्हणून मीच सांगते.

रविवारी सकाळी अकराला निवारा भरला. खुर्च्या, माईक, आणि सरांच्या खुर्चीपाशी पांढऱ्या रंगाचा डबा नि नवा ब्रश. पाटी जागच्या जागी होती. सुवर्णाक्काही टेबलामागे जागच्या जागी होती, धुतलेली पांढरी साडी नेसून, हात बांधून.

सरांनी भाषण केलं. चांगलं बोलतात सर, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वच्छता, शिस्त, गावाची शोभा, सगळं झालं. मग म्हणाले, "शेवटचा विषय ही पाटी. सुवर्णाबाईंनी स्वतःहून उतरवली नाही, म्हणून ती आज मी माझ्या हाताने पांढरी करणार आहे. अशुद्ध आणि निरुपयोगी असं काहीही या भिंतीवर मी राहू देणार ना..."

माईक बंद पडला. पंखे गरगरत मंदावले. सरांचे ओठ हलत होते, आवाज मागे पोचत नव्हता.

आणि तेवढ्यात मागून संघपाल, खुर्च्या मांडणारे, भागाबाई, नार्नूरच्या बसची वाट बघणाऱ्या बाया, समितीचे दोन सभासदसुद्धा, सगळे सवयीने एका सुरात म्हणाले, "से फ्वे ला लुस!"

कोणी ठरवलं नव्हतं. जीभच तशी वळली होती. सर गोंधळले. "हे काय म्हणालात?"

"लाईट गेली म्हटलं, सर," संघपाल म्हणाला. "स्पॅनिसमंधी."

"गेली?" सरांच्या भुवया वर चढल्या. चाळीस वर्षांची सवय जिभेवर होती. "कुठे गे..." ते म्हणाले, आणि त्यांची नजर टेबलामागे गेली. तिथे नागोरावाची सुवर्णा उभी राहिली होती. सरांचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांना आठवलं होतं. इतकी वर्षं तिला वाटायचं की सर विसरले असतील, आणि त्याचाच तिला जास्त राग होता.

"विचारा ना सर, पुरं विचारा," ती म्हणाली. तिला माईक कधीच लागला नव्हता. "तवा जबाब देता आला नाही, आज देते. तेलुगूत काय म्हन्तेत? करंट पोयिंदी. करंट गेलं. हिंदीत? लाईट चली गई. आपल्यात लाईट गेली. स्पेनात, पेरूत, पार समुद्रापल्याड, से फ्वे ला लुस. साऱ्या जगाची लाईट जाते, सर. एक तुमच्याच वहीत जात नव्हती! इंग्रजीत चुकलं असंन मायं, तर चुकलं म्हनाचं, नीट सांगाचं, खाली बसवाचं. बाजाराले काऊन धाडली? मी पोरगी व्हती, माया बापानं वस्तीतली पहिली पोरगी दहावीपर्यंत धाडली व्हती. तुमी हसले अन् मी गप झाली. आता नाही गप होत. तो ब्रस घ्या, हे पाटी. पुसाची असंन तर साऱ्यायसमोर पुसा. उद्या मी पुन्हा लिवते. परवा पुसा, तेरवा लिवते. मले काही काम नाही दुसरं!"

सरांनी ब्रश उचलला. डब्यात बुडवला. पाटीपाशी गेले आणि उभे राहिले. पांढरा थेंब त्यांच्या बुटावर पडला.

"हे चिन्ह," ते पाटीकडे बघतच म्हणाले, आवाज खाली आला होता, "खरंच उलटंच असतं?"

"उलटंच असते, सर. दोन असते. एक आधी, एक नंतर."

"मला माहीत नव्हतं," उद्धवराव सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य गावाने पहिल्यांदा ऐकलं. माफी त्यांनी मागितली नाही आणि तिनेही ती मागून घेतली नाही. त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला, डबा टेबलावर सरकवला, "रंग उरला आहे, वाया घालवू नकोस," म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस यायच्या आधी सुवर्णाक्का स्टुलावर चढली. सरांच्या पांढऱ्या रंगाने, सरांच्याच नव्या ब्रशने तिने पाटीवर सहावी ओळ लिहिली. से फ्वे ला लुस. खाली मराठीत, लाईट गेली. त्याखाली तेलुगूत. डब्याच्या तळाशी अजून थोडा रंग होता. वाया कशाला घालवायचा? तिने ब्रश पुसून घेतला आणि शेवटी, स्पॅनिशमध्ये नसलेली, स्वतःची एक ओळ ठसठशीत अक्षरात काढली:

कुठे गेली ते विचारू नये.